धातूंवरील ऑक्साइड पटलाची वाढ

धातूचा पृष्ठभाग ऑक्सिजनच्या संपर्कात आल्यावर त्यावर ऑक्साइडचा जो सलग थर तयार होतो, त्यास ऑक्साइड पटल असे म्हणतात. हे पटल किती वेगाने जाड होते, कोणत्या जाडीला त्याची वाढ मंदावते आणि कोणत्या परिस्थितीत ते निकामी ठरते, यांचा विचार करणारी उपपत्ती भौतिकी, रसायनशास्त्र आणि धातुविज्ञान यांच्या सीमेवर विकसित झाली. सोन्याचा अपवाद सोडल्यास नित्य वापरातील बहुतेक सर्व धातूंवर असे पटल असतेच. पुष्कळदा ते डोळ्यांना दिसत नाही इतकेच.

या क्रियेचे वैशिष्ट्य असे की ती स्वतःच स्वतःला अडवते. लाकूड जळते तेव्हा धूर निघून जातो, राख गळून पडते आणि आतील लाकूड पुन्हा हवेसमोर उघडे होते. धातूच्या बाबतीत मात्र क्रियेतून निर्माण झालेला पदार्थच धातू आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राहतो. क्रिया पुढे चालू राहण्यासाठी दोघांपैकी एकाला तरी ती भिंत ओलांडावी लागते, आणि प्रत्येक ओलांडणीबरोबर भिंत अधिक जाड होते.

या उपपत्तीचा व्यवहारातील अर्थ समुद्रकिनाऱ्यावर विशेष स्पष्ट होतो. रायगड जिल्ह्यात उरणपासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर या मार्गाने श्रीवर्धन–हरिहरेश्वरापर्यंत पसरलेल्या किनाऱ्यावर एकाच खाऱ्या वाऱ्यात जर्मनचे पातेले वर्षानुवर्षे टिकते, तांब्याचा हंडा काळवंडून हिरवट होतो आणि खिडकीचा लोखंडी गज पापुद्रे सोडत झिजतो. (बोलीत ‘जर्मन’ म्हणतात ते ॲल्युमिनियमच, देशाशी त्याचा संबंध नाही.) ऑक्सिजन तिघांनाही सारखाच मिळतो. फरक पडतो तो पटलाच्या गुणधर्मांमुळे.

पूर्वेतिहास

संहत नायट्रिक अम्लात बुडवलेले लोखंड विरघळत नाही, विरल अम्लात मात्र विरघळते, हे कोडे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ठाऊक होते. १८३६ मध्ये मायकेल फॅराडे यांनी त्याचे कारण लोखंडावरील अतिशय पातळ ऑक्साइडी आवरण हे असावे असे सुचवले. असे आवरण प्रत्यक्ष दाखवता येत नसल्यामुळे ही कल्पना दीर्घकाळ वादग्रस्त राहिली. केंब्रिजमधील यू. आर. एव्हान्स यांनी १९२७ मध्ये लोखंडावरील पटल धातूपासून सोडवून वेगळे करून दाखवले, तेव्हा तो वाद बराचसा मिटला.

दरम्यान वाढीचे नियम शोधण्याचे काम जर्मनीत गुस्टाफ टामान यांनी १९२० च्या सुमारास सुरू केले होते. पटलाची जाडी मोजण्यासाठी त्यांनी जे साधन वापरले ते लोहारांना पूर्वापार परिचित होते. कोयत्याच्या किंवा विळ्याच्या पात्याला पाणी दिल्यावर लोहार त्याचा काही भाग घासून पांढरा करतो आणि पाते पुन्हा मंद आचेवर धरतो. उजळ भागावर प्रथम गवताच्या काडीसारखा फिका पिवळा रंग येतो (सुमारे २२० ते २३० अंश सेल्सियस), मग तपकिरी, मग जांभळा (सुमारे २८० अंश) आणि अखेरीस निळा (सुमारे ३०० अंश). हवा तो रंग दिसताच पाते विझवले जाते. हे रंग कोणत्याही रंगद्रव्याचे नसतात. ऑक्साइड पटलाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात व पटलाच्या जाडीनुसार काही रंग विझतात, काही उठून दिसतात. पाण्यावर तरंगणाऱ्या तेलाच्या तवंगावरील रंगांचे कारणही हेच. लोहाराने पटलाचा तापमापक केला. टामान यांनी त्याच रंगांवरून जाडी आणि काळ यांचा संबंध बसवला.

वाढीचे नियम

प्रयोगांतून प्रामुख्याने तीन प्रकारचे नियम आढळतात. पटल सच्छिद्र किंवा भेगाळलेले असेल तर ते कोणताच अडथळा करीत नाही आणि जाडी काळाच्या सम प्रमाणात वाढत राहते. हा रेषीय नियम. पटल सलग असून तापमान उच्च असेल तर जाडीचा वर्ग काळाच्या प्रमाणात वाढतो. हा अन्वस्तीय नियम. एका तासात पटलाने विशिष्ट जाडी गाठली असेल, तर दुप्पट जाडीसाठी एकूण चार तास आणि तिप्पट जाडीसाठी नऊ तास लागतात. तिसरा प्रकार सामान्य तापमानाला आढळतो. त्यात पटल पहिल्या काही क्षणांत झपाट्याने वाढते आणि नंतर जवळजवळ थांबते. हा लघुगणकीय नियम होय.

१९२३ मध्ये एन. बी. पिलिंग आणि आर. ई. बेडवर्थ यांनी पटल सलग राहील की फुटेल हे ठरवण्यासाठी एक सोपी कसोटी मांडली. तयार झालेल्या ऑक्साइडचे घनफळ आणि त्यासाठी खर्च झालेल्या धातूचे घनफळ यांचे गुणोत्तर एकाहून कमी असेल, तर ऑक्साइड धातूला पुरे झाकू शकत नाही. मॅग्नेशियमसाठी हे गुणोत्तर सुमारे ०.८१ आहे. ॲल्युमिनियमसाठी ते सुमारे १.२८, म्हणजे झाकण्यास पुरेसे आणि फार ताण न आणणारे आहे. लोखंडाच्या लाल ऑक्साइडसाठी ते दोनहून अधिक आहे; येथे पटल दाटीवाटीने दाबले जाऊन उचकटण्याचा संभव असतो. ही कसोटी पाठ्यपुस्तकांतून आजही शिकवली जाते, परंतु ती ढोबळ आहे. नवे ऑक्साइड धातूलगत न बनता बाहेरच्या मोकळ्या पृष्ठभागावर बनत असेल, तर वाढलेल्या घनफळाला पसरण्यास जागा मिळते आणि ताण फारसा येत नाही.

पातळ पटले : काब्रेरा–मॉट उपपत्ती

सामान्य तापमानाला अणू घन पदार्थातून सहजासहजी सरकत नाहीत. ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडमधून तर नाहीच. असे असूनही ॲल्युमिनियमचा ताजा कापलेला पृष्ठभाग हवेत येताच त्यावर अल्पावधीत काही नॅनोमीटर जाडीचे पटल तयार होते आणि मग ते थांबते. अणू सरकू शकत नसतील तर पटल वाढले कसे, आणि सरकू शकत असतील तर ते थांबले का? या दुहेरी प्रश्नाचे उत्तर ब्रिटिश भौतिकीविज्ञ नेव्हिल मॉट आणि स्पॅनिश भौतिकीविज्ञ निकोलास काब्रेरा यांनी १९४८-४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात दिले.

त्यांच्या मते पहिले पाऊल इलेक्ट्रॉन उचलतो. पुंजभौतिकीच्या नियमांनुसार इलेक्ट्रॉन अतिशय पातळ अडथळ्यातून आरपार जाऊ शकतो, जणू डोंगर न चढता बोगद्यातून पलीकडे निघतो. धातूतील इलेक्ट्रॉन अशा रीतीने पटल पार करून बाहेर चिकटलेल्या ऑक्सिजन अणूंपर्यंत पोचतात. बाहेरील पृष्ठभाग ऋण विद्युत् भारित होतो, आतील धातू धन भारित राहतो आणि दोहोंमध्ये साधारण एक व्होल्टचा विद्युत् दाब निर्माण होतो. एक व्होल्ट म्हणजे फारसे काही नाही. घड्याळाचा लहानसा सेलही त्याहून अधिक देतो. पण येथे तो एका नॅनोमीटर जाडीवर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागावर पडतो. त्यामुळे विद्युत् क्षेत्राची तीव्रता दर मीटरला सुमारे एक अब्ज व्होल्ट इतकी होते. हवेत ठिणगी पडण्यास लागणाऱ्या क्षेत्राच्या ती जवळजवळ तीनशे पट आहे. एवढ्या ओढीपुढे धातूचे आयन थंड अवस्थेतही आपल्या जागा सोडून पटलात शिरतात आणि पलीकडे जाऊन ऑक्सिजनशी संयोग पावतात.

पटल थांबण्याचे कारणही याच चित्रात दडलेले आहे. विद्युत् दाब तोच राहतो, जाडी मात्र वाढते. म्हणून क्षेत्र क्षीण होते. आयनाच्या उडीचा वेग क्षेत्रावर घातांकीय रीतीने अवलंबून असल्यामुळे जाडी थोडी वाढली तरी वेग कित्येक पटींनी घटतो. काही नॅनोमीटरनंतर पुढील वाढीस इतका काळ लागतो की व्यवहारात ती थांबली असेच म्हणावे लागते. सामान्य तापमानाला ॲल्युमिनियमवरील पटल साधारण दोन ते चार नॅनोमीटर असते. पातेले घासताना ओरखडा पडला तरी तेथे नवे पटल तत्काळ उभे राहते. कोरड्या, स्वच्छ हवेत लोखंडावरील पटलही याच रीतीने काही नॅनोमीटरवर थबकते, ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

पुढे या उपपत्तीत अनेक सुधारणा झाल्या. पटलातील साठलेला विद्युत् भार, त्याची अस्फटिकी रचना आणि द्रवातील पटलांची वाढ यांचा विचार त्यांत आला. तथापि मूळ चित्र कायम राहिले आहे.

जाड पटले : वाग्नर उपपत्ती

पटल मायक्रोमीटरच्या मापात जाड झाले आणि तापमान काही शे अंशांवर गेले की वरील विद्युत् क्षेत्राचा प्रभाव संपतो. तेथे कार्ल वाग्नर यांची १९३३ मधील उपपत्ती लागू पडते. वाग्नर यांनी दाखवले की ऑक्साइडचा स्फटिक कधीच निर्दोष नसतो. त्यात काही आयनांच्या जागा रिकाम्या असतात, किंवा काही आयन भलत्या जागी अडकलेले असतात. अशा दोषांच्या आधारे आयन उडी घेत घेत पटलातून विसरण पावतात. पटल जितके जाड तितका विसरणाचा उतार मंद. त्यातूनच अन्वस्तीय नियम निघतो. टामान यांना प्रयोगात दिसलेल्या नियमाला अशा प्रकारे तेरा वर्षांनी कारण मिळाले.

दोषांची संख्या कळली की धातूचे भवितव्य कळते. ५७० अंश सेल्सियसच्या वर लोखंडावर वुस्टाइट नावाचे ऑक्साइड बनते. त्यात लोहाच्या शंभर जागांपैकी साधारण पाच ते पंधरा जागा रिकाम्याच असतात. लोह आयनांना ती मोकळी वाटच होय. लोहाराच्या ऐरणीभोवती पडणाऱ्या काळ्या खपल्या आणि पेण तालुक्यातील डोलवी येथील कारखान्यासारख्या ठिकाणी तप्त पोलादाच्या पाटांवर येणारी काळी साय प्रामुख्याने याच ऑक्साइडची असते. लाटण्यापूर्वी ती दाबाखालील पाण्याच्या फवाऱ्यांनी उडवून द्यावी लागते, आणि तेवढे पोलाद वायाच जाते. याउलट क्रोमियमच्या ऑक्साइडमध्ये दोष फार थोडे असतात. पोलादात सुमारे साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम मिसळले की पृष्ठभागावर क्रोमियमसमृद्ध पटल बनते. स्टेनलेस स्टीलचे डबे चकचकीत राहतात ते एक ते तीन नॅनोमीटरच्या या पटलामुळे.

समुद्रकाठी उपपत्तीची मर्यादा

वरील दोन्ही उपपत्ती कोरड्या वायूतील क्रियेचे वर्णन करतात. समुद्रकिनाऱ्यावरील गंज ही ओली, विद्युत् रासायनिक क्रिया आहे. ‘लोखंड हवेतील ऑक्सिजनने गंजते’ हे शालेय विधान अपुरे आहे ते याच कारणाने. पाण्याच्या थराखाली लोह एका ठिकाणी विरघळते, ऑक्सिजन दुसऱ्या ठिकाणी इलेक्ट्रॉन घेतो आणि गंज या दोहोंच्या मधे कोठेतरी साचतो. भिंत बांधली जाते, पण जिचे रक्षण करायचे त्या धातूला लागून नव्हे. म्हणून गंज भुसभुशीत असतो व पाणी धरून ठेवतो.

मीठ या क्रियेत दोन प्रकारे भर घालते. एक म्हणजे ते हवेतील बाष्प ओढून घेते. शुद्ध मीठ सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाझरू लागते. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांपासूनच ओलावा धरते. त्यामुळे किनाऱ्यावरील लोखंड कोरड्या ठणठणीत दिसणाऱ्या दिवसांतही सूक्ष्म ओलीखाली असते. दुसरे म्हणजे क्लोराइड आयन पटलातील कच्च्या जागी घुसून ते स्थानिक पातळीवर मोडतात. ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टील यांवर किनाऱ्यालगत टाचणीच्या टोकाएवढे खळगे पडतात ते यामुळे. दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील या माऱ्याला ३०४ प्रतीपेक्षा अधिक तोंड देते.

पावसाळ्यापूर्वी आणून थप्पीत ठेवलेल्या जस्तलेपित पत्र्यांवर येणारा पांढरा भुरा हाही पटल न जमल्याचा परिणाम आहे. मोकळ्या हवेत जस्तावर प्रथम ऑक्साइड व हायड्रॉक्साइड आणि नंतर हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे घट्ट कार्बोनेट बनते. थप्पीतील दोन पत्र्यांच्या फटीत पाणी पोचते, कार्बन डायऑक्साइड पुरेसा पोचत नाही. संरक्षक थर बनण्याऐवजी जस्त नुसतेच खर्ची पडते.

छपराचे गणित

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत असंख्य घरांची छपरे उडाली. अशा वेळी नवा पत्रा कोणता घ्यावा, याचे उत्तर काही अंशी पटलाच्या वाढीच्या नियमातून काढता येते.

आयएसओ ९२२४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मोकळ्या हवेत होणारी झीज काळाच्या एका घातांकाच्या प्रमाणात वाढते. घातांक १ असल्यास गंजाचा थर काहीच रक्षण करीत नाही; ०.५ असल्यास अन्वस्तीय नियम पाळला जातो. मानकात साध्या पोलादासाठी ०.५२३, तांब्यासाठी ०.६६७, ॲल्युमिनियमसाठी ०.७२८ आणि जस्तासाठी ०.८१३ असे घातांक दिले आहेत. यावरून जस्त सर्वांत वाईट ठरते असे वाटेल, परंतु पहिल्या वर्षाची झीजही पाहावी लागते. आयएसओ ९२२३ नुसार सी-५ या तीव्र वर्गातील हवेत पहिल्या वर्षी पोलाद ८० ते २०० मायक्रोमीटर झिजते, तर जस्त केवळ ४.२ ते ८.४ मायक्रोमीटर.

उदाहरणादाखल, समुद्राच्या थेट वाऱ्यातील जागी जस्ताची पहिल्या वर्षाची झीज ५ मायक्रोमीटर धरू. दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यावर एका बाजूस सुमारे ८.४ मायक्रोमीटर जस्त असते. वरील घातांकाने ते दोन वर्षांच्या आतच संपते. २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर एका बाजूस सुमारे १९ मायक्रोमीटर जस्त असते व ते पाच वर्षांच्या थोडे पुढे टिकते. दुकानात दोन्ही पत्रे सारखेच चमकतात. म्हणून पत्र्याची जाडी विचारतानाच जस्ताचे वजनही विचारणे इष्ट ठरते. रंगाचा लेप असलेल्या पत्र्याचे आयुष्य अर्थातच वेगळे असते, आणि किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत गेल्यावर झीज पुष्कळ उतरते.

सिमेंट काँक्रीटमधील सळया

काँक्रीटच्या आतील पाणी तीव्र अल्कधर्मी असते (पीएच १२.५ ते १३). अशा परिसरात पोलादावर काही नॅनोमीटरचे घट्ट पटल जमते आणि सळई अनेक दशके शाबूत राहते. बाहेरून झिरपणारे किंवा न धुतलेल्या खाडीच्या रेतीतून आलेले क्लोराइड सळईपाशी पुरेसे साचले की हे पटल मोडते. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असल्यामुळे काँक्रीट आतून फुगते, तडकते आणि स्लॅबच्या खालचा थर सुटून सळया उघड्या पडतात. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात समुद्राच्या तुषारांत येणाऱ्या भागासाठी सळईवर किमान ५० मिलिमीटर आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील भागासाठी ७५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले आहे. घराच्या सौम्य परिस्थितीतील २० मिलिमीटरशी तुलना केल्यास जेट्टीवरील हा आकडा इतका मोठा का, हे ध्यानात येते.

तांबे आणि अलिबागची वेधशाळा

मुंबईत विजेच्या ट्राम येणार असल्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील भूचुंबकीय निरीक्षणांत व्यत्यय येईल हे ओळखून नानाभाई मूस यांनी त्यांसाठी अलिबागची निवड केली. तेथे १९०४ पासून निरीक्षणे होत आहेत. चुंबकीय उपकरणांजवळ लोखंड चालत नसल्यामुळे इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणि तांबे, पितळ, कांसे यांचे सामान वापरण्यात आले. हेतू चुंबकीय होता. पण समुद्राकाठी हीच निवड टिकाऊपणाच्या दृष्टीनेही योग्य ठरते. तांब्यावर प्रथम तांबूस-तपकिरी क्युप्रस ऑक्साइडचे पटल येते आणि खाऱ्या हवेत त्यावर क्लोराइडयुक्त हिरवे क्षार जमतात. हा थर बऱ्यापैकी घट्ट असतो.

चिंच किंवा आमसुलाने तांब्या घासला की त्यांतील अम्ल ऑक्साइड विरघळवते आणि भांडे लख्ख होते. पण त्याबरोबर पटलाच्या वाढीचा काळ पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि वाढीचा वेग सर्वांत जास्त असतो तो सुरुवातीलाच. रोज घासलेले भांडे न घासलेल्याहून अधिक झिजते ते यामुळे. स्वयंपाकाच्या भांड्यांस मात्र दुसरा मार्ग नसतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ‘कळकतो’ असे मराठीत म्हणतात. तेथे धातू अन्नात उतरत असतो, आणि म्हणून कल्हई करतात.

किल्ल्यांवरील तोफा

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर उत्तरेकडील तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत. यॉर्कशायरमधील लो मूर या लोखंडाच्या कारखान्याचे नाव त्यांवरील लेखात येते. मुरूडच्या जंजिऱ्यावर कलालबांगडीसह अनेक तोफा उघड्यावर आहेत. जंजिऱ्याच्या मोठ्या तोफांविषयी त्या पंचधातूच्या असल्याचे व उन्हात तापत नसल्याचे सांगितले जाते. न तापण्याच्या गोष्टीशी पटलाचा काही संबंध नाही. धातू कोणता याची पहिली खूण मात्र पटल देते: तांबेप्रधान मिश्रधातूवर हिरवट थर येतो, लोखंडावर तांबडा-तपकिरी.

तोफेची भिंत जाड असल्यामुळे दोन शतकांच्या झिजेनेही ती ढासळत नाही. तिच्यावरील अक्षरे, मुद्रा आणि वजनाचे आकडे मात्र पृष्ठभागाच्या वरच्या अगदी थोड्या जाडीत असतात. पापुद्रे सुटू लागले की प्रथम तेच जातात, आणि त्यांबरोबर तोफ कोणाची, कोठली, केव्हाची हे सांगणारा पुरावा जातो. हौसेने तारेच्या ब्रशने गंज खरवडणे येथे अपायकारक ठरते. त्यामुळे उरलेसुरले अक्षरांचे काठ निघून जातात आणि ताजे लोखंड खाऱ्या हवेला सामोरे जाऊन झीज पुन्हा सर्वाधिक वेगाने सुरू होते. नुसता तेलरंग लावणेही पुरेसे नसते, कारण क्लोराइड गंजाच्या तळाशी, धातूला लागून असतात. रंगाखाली ओल पोचली की ते पुन्हा काम करू लागतात.

दिल्लीच्या लोहस्तंभाचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. त्या लोखंडात फॉस्फरस अधिक आहे आणि कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनानुसार त्यावर लोह फॉस्फेटचे घट्ट पटल जमले आहे. परंतु दिल्लीची हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते. ओडिशाच्या किनाऱ्यावरील कोणार्क येथील जुन्या लोखंडी तुळया बऱ्याच गंजल्या आहेत, हे पाहिल्यावर केवळ ‘जुने लोखंड उत्तम होते’ असे म्हणता येत नाही.

समुद्रातील लोखंडी वस्तूंच्या जतनासाठी रूढ असलेली पद्धत क्लोराइड काढून टाकण्यावर भर देते. वस्तू सोडियम हायड्रॉक्साइडच्या विरल द्रावणात बुडवून ठेवतात. या अल्कधर्मी द्रावणात लोखंडावर संरक्षक पटल टिकून राहते आणि क्लोराइड हळूहळू बाहेर येतात. द्रावण वेळोवेळी बदलून त्यातील क्लोराइडचे प्रमाण मोजले जाते. त्यानंतर वस्तू धुऊन, वाळवून टॅनिक अम्लाचा हात व मेणाचा लेप देतात. तोफेसारख्या जाड ओतीव वस्तूस या क्रियेसाठी महिने, प्रसंगी वर्षे लागतात, आणि तेवढा काळ ती किल्ल्यावरून हलवून टाकीत ठेवावी लागते.